निकीचा हिशेब

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. नीट वाचा हं.

मोटारींच्या शर्यतीत भाग घेणारा एक ड्रायव्हर आहे. वर्षभर तो देशोदेशींच्या शर्यतींत धावला. आता वर्षातली अगदी शेवटची शर्यत उरली आहे. गुणतक्त्यात तो पहिला आहे, दुसऱ्या क्रमांकाच्या ड्रायव्हरपेक्षा तीन गुणांनी पुढे. एवढी एक शर्यत नीट पार पडली की जगज्जेतेपद त्याचंच! पण त्या दिवशी पावसानं कहर केलेला असतो. रस्त्यावर पाण्याची डबकी, हवेत धुकं. शर्यत सुरू होते. आपला ड्रायव्हर दोन फेऱ्या मारतो, गाडी आत वळवतो, थांबवतो आणि खाली उतरतो. गाडी ठणठणीत असते. तरीही तो पुन्हा तिच्यात बसत नाही. आणि मग जगज्जेतेपद एका गुणानं, फक्त एका गुणानं, त्याच्या हातून निसटतं.

आता सांगा बघू, हा माणूस शूर की भित्रा?

थांबा, थांबा! उत्तराची घाई नको. आधी त्याची पूर्ण गोष्ट ऐका, मग ठरवा.

कर्ज काढून शर्यत

या ड्रायव्हरचं नाव निकी लाउडा. जन्म २२ फेब्रुवारी १९४९ चा, ऑस्ट्रिया देशातल्या व्हिएन्ना शहरातला. घर अगदी श्रीमंत. आजोबा मोठे उद्योगपती. नातवानं शिकून घरचा व्यवसाय सांभाळावा, असं घरच्यांना वाटे. मोटारींच्या शर्यती म्हणजे त्यांच्या दृष्टीनं नसतं खूळ! त्यामुळे घरातून एक पैसाही मिळणार नव्हता.

मग निकीनं काय केलं? तो बँकेत गेला. स्वतःच्या आयुर्विम्यावर त्यानं कर्ज काढलं आणि ते पैसे भरून एका संघाच्या गाडीत जागा मिळवली. पुढे आणखी एक कर्ज काढलं. म्हणजे पाहा, इतर ड्रायव्हर शर्यत जिंकण्यासाठी पळत होते, तर निकी शर्यत जिंकण्यासाठी आणि हप्ते फेडण्यासाठी पळत होता! अशा माणसाला ‘होईल काहीतरी’ म्हणून चालत नाही. त्याला प्रत्येक गोष्ट मोजावी लागते. निकीला ही मोजायची सवय लागली ती कायमची.

१९७४ साली इटलीच्या प्रसिद्ध फेरारी संघानं त्याला घेतलं. फेरारी म्हणजे मोटार शर्यतींतलं सगळ्यांत मोठं घराणं. मालक एन्झो फेरारी मोठे दरारा असलेले गृहस्थ. त्यांच्यासमोर त्यांच्याच गाडीला नावं ठेवायची कोणाची छाती नव्हती. नव्या पोरानं मात्र गाडी चालवून पाहिली आणि सरळ सांगून टाकलं, की ही गाडी वळणावर नीट वळत नाही, ती सुधारायला हवी. पण नुसती तक्रार करून तो गप्प बसला नाही बरं का! फेरारीच्या स्वतःच्या सरावमार्गावर त्यानं फेऱ्यांमागून फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीनंतर तो अभियंत्यांना सांगे, अमुक वळणावर असं होतंय, तमुक ठिकाणी तसं होतंय. हळूहळू गाडी सुधारली आणि १९७५ साली निकी लाउडा फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला.

फॉर्म्युला वन म्हणजे एका आसनाच्या, खास शर्यतीसाठीच बनवलेल्या गाड्यांची जगातली सगळ्यांत वरची स्पर्धा. आपल्या देशाचा नारायण कार्तिकेयन २००५ साली तिच्यात उतरला. तो तिथला पहिला भारतीय ड्रायव्हर. वर्षभर निरनिराळ्या देशांत शर्यती होतात, प्रत्येक शर्यतीत क्रमांकाप्रमाणे गुण मिळतात आणि वर्षाच्या शेवटी ज्याचे गुण जास्त तो जगज्जेता. निकीच्या काळी पहिल्याला ९, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ४, चौथ्याला ३, पाचव्याला २ आणि सहाव्याला १ गुण मिळत असे. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

पापणी लवते तेवढ्यात

‘गाडी पळवायला कसला आलाय हिशेब? पायाखालचं पेडल दाबलं की झालं!’ असं तुम्हांला वाटत असेल. तर मग आपणच जरा गणित करू या.

ताशी ३०० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात किती अंतर कापते? सुमारे ८३ मीटर! आपली पापणी लवायला सेकंदाचा साधारण तिसरा भाग लागतो. तेवढ्यात गाडी २५ मीटरहून जास्त पुढे गेलेली असते, म्हणजे क्रिकेटच्या अख्ख्या खेळपट्टीहून जास्त. अशा वेगात ब्रेक कुठे दाबायचा हे ‘साधारण तिथे कुठेतरी’ असं ठरवून चालेल का? म्हणून ड्रायव्हर शर्यतीआधी मार्गावरून पायी चालतात. कुठे चढ आहे, कुठे खड्डा आहे, कुठली पाटी दिसली की ब्रेक दाबायचा, सगळं डोक्यात नोंदवून ठेवतात.

शरीराचीही परीक्षाच असते. आजच्या गाड्यांत जोरात ब्रेक दाबला की डोकं आणि हेल्मेट मिळून मानेवर तीस किलोहून जास्त वजनाएवढा ताण येतो. उन्हाळी देशातल्या शर्यतीत घामावाटे दोन-तीन किलो वजन कमी होतं. दीड-दोन तास हे सगळं सोसायचं आणि त्यातही डोकं थंड ठेवायचं!

या ड्रायव्हरांना एक धडा अगदी सुरुवातीला शिकवतात. गाडी घसरू लागली की भिंतीकडे बघायचं नाही, आपल्याला जिकडे जायचंय तिकडे बघायचं. कारण आपली नजर जिकडे जाते, तिकडेच आपले हात गाडीला नेतात. घाबरलेला माणूस नेमका भिंतीकडेच बघत राहतो आणि तिच्यावरच जाऊन आदळतो. सायकल शिकताना समोरचा दगड चुकवू चुकवू म्हणता म्हणता त्याच्यावरच चाक गेलंय ना तुमचं? तेच हे!

तेव्हा आत्मविश्वास ही काही जन्माबरोबर मिळालेली देणगी नव्हे. शंभरदा पाहिलेलं वळण एकशे एकाव्या वेळी ओळखीचं वाटतं, त्याचं नाव आत्मविश्वास.

ज्याला जमलं, तोच नको म्हणाला

जर्मनीत न्यूरबुर्गरिंग नावाचा एक शर्यतीचा मार्ग आहे. तेव्हा तो डोंगरातून, दाट झाडीतून जाणारा तब्बल २२.८ किलोमीटरचा मार्ग होता. वळणांवर वळणं, चढ-उतार, अरुंद रस्ता. एक फेरी मारायला सात मिनिटांहून जास्त वेळ लागे. १९७५ साली सरावात निकीनं ती फेरी ६ मिनिटे ५८.६ सेकंदांत मारली. फॉर्म्युला वनच्या ड्रायव्हरांत सात मिनिटांच्या आत येणारा तो पहिलाच.

पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, हाच निकी इतर ड्रायव्हरांना म्हणू लागला, की इथे शर्यत नको! त्याचं म्हणणं साधं होतं. मार्ग एवढा लांब आहे, की कुठे अपघात झाला तर आगीचा बंब आणि डॉक्टर वेळेवर पोचणारच नाहीत. त्यात पावसाची लक्षणं. ड्रायव्हरांची सभा झाली, मतं घेतली गेली आणि निकीचं म्हणणं फेटाळलं गेलं. शर्यत घ्यायचं ठरलं.

इथे क्षणभर थांबून विचार करा. जो त्या मार्गावर सर्वांत वेगानं धावला होता, तोच त्याला धोकादायक म्हणत होता. ज्याला एखादी गोष्ट खरंच नीट येते, त्याला तिच्यातला धोकाही नीट दिसतो. पोहता न येणारा विहिरीच्या काठावरून फुशारकी मारतो. पट्टीचा पोहणारा आधी पाणी किती खोल आहे ते विचारतो.

१ ऑगस्ट १९७६. शर्यत सुरू झाली. रस्ता कुठे ओला, कुठे कोरडा. दुसऱ्याच फेरीत निकीची गाडी घसरली, कडेच्या उतारावर आदळली, पेटली आणि पुन्हा रस्त्यावर फेकली गेली. मागून येणाऱ्या एका गाडीची तिला धडकही बसली. आगीचा बंब तिथे नव्हताच. धावून आले ते कोण? त्याचेच प्रतिस्पर्धी! आर्तुरो मेर्झारिओ, ब्रेट लंगर, गाय एडवर्ड्स आणि हॅराल्ड अर्टल या चार ड्रायव्हरांनी आपापल्या गाड्या सोडल्या, शर्यत सोडली आणि जळत्या गाडीतून निकीला बाहेर ओढून काढलं.

स्पर्धा म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी या चौघांची नावं सांगेन. मघापर्यंत ज्याला मागे टाकायला जिवाचं रान करत होते, त्याच्यासाठीच ते आगीत शिरले.

निकीचं डोकं आणि चेहरा भाजला होता. विषारी धूर फुफ्फुसांत गेला होता. इस्पितळात तो इतका अत्यवस्थ होता, की धर्मगुरूंनी त्याच्यासाठी अखेरची प्रार्थनाही म्हटली. त्यानंतर त्या लांबलचक मार्गावर फॉर्म्युला वनची शर्यत पुन्हा कधी झाली नाही.

बेचाळीस दिवसांनी

आणि मग, मुलांनो, जे घडलं त्यावर तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. १२ सप्टेंबर १९७६ ला, म्हणजे अपघातानंतर अवघ्या ४२ दिवसांनी, निकी इटलीतल्या मोंझाच्या शर्यतीत उतरला! डोक्याच्या जखमा अजून भरल्या नव्हत्या, बँडेज बांधलेलं होतं. तरीही शर्यतीत तो चौथा आला.

त्या वेळी तो सगळ्यांना सांगत होता, की मी भीतीवर मात केली आहे, मला काही वाटत नाही. लोक म्हणाले, वा! काय हा पोलादी माणूस! पण काही वर्षांनी लिहिलेल्या आत्मचरित्रात निकीनं खरं काय ते सांगून टाकलं. मोंझाला सरावासाठी गाडीत बसला तेव्हा तो भीतीनं गोठून गेला होता. पोट बिघडलं होतं, छाती धडधडत होती. प्रतिस्पर्ध्यांना आपली कमजोरी कळू नये, म्हणून तो धीटपणाचा मुखवटा घालून वावरत होता.

मग ही भीती गेली कशी? निकीनं पुन्हा आपला हिशेब मांडला. पहिल्या दिवशी आपलं काय चुकलं? अपघाताआधी जसे चालवत होतो, तसंच आजही चालवायचं, असं आपण ठरवून बसलो. ते आज जमणार नव्हतंच. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःला सांगितलं, आज शर्यत नाही, घाई नाही. आज फक्त गाडी चालवायची, सावकाश. एक फेरी, मग दुसरी फेरी. हात मोकळे झाले, श्वास लागी लागला आणि वेग आपोआप वाढत गेला. फेरारीच्या त्या दिवशीच्या तिन्ही ड्रायव्हरांत सर्वांत वेगवान वेळ निकीचीच होती!

मोठ्या आजारपणानंतर शाळेत परत येणारी मुलं मी पाहते. महिनाभराचा बुडलेला अभ्यास पाहून ती आधी रडकुंडीला येतात. त्या मुलांना मी हेच सांगते, की आज एक पान. उद्याचं उद्या बघू.

मित्र आणि प्रतिस्पर्धी

निकी इस्पितळात असताना आणि त्यानंतरही एक जण भराभर गुण मिळवत होता. इंग्लंडचा जेम्स हंट. दोघांचा स्वभाव अगदी दोन टोकांचा. निकी शिस्तीचा, मोजून-मापून बोलणारा. हंट मौजमजा करणारा, बेधडक. पण धाकट्या गटाच्या शर्यतींत धडपडत होते तेव्हापासून दोघं चांगले मित्र होते.

हा बेधडक हंटसुद्धा शर्यतीआधी इतका ताणाखाली असे, की त्याला चक्क ओकारी व्हायची. भाषणाआधी तुमच्या पोटात गोळा येतो ना? मग लाजू नका. जगज्जेत्यांच्याही पोटात तो येतो. फरक एवढाच, की तो गोळा घेऊनच ते गाडीत बसतात आणि पहिलं वळण आलं की काय करायचं ते त्यांना पाठ असतं.

निकी परतला त्यानंतरही हंटनं कॅनडा आणि अमेरिकेतल्या शर्यती जिंकल्या. वर्षभरात हंटचे सहा विजय, निकीचे पाच. शेवटची शर्यत उरली तेव्हा निकीचे गुण होते ६८ आणि हंटचे ६५. ती शर्यत जपानमध्ये, फुजी इथे, २४ ऑक्टोबर १९७६ ला व्हायची होती.

हीच आपली कोड्यातली शर्यत.

फुजीचा पाऊस

त्या दिवशी फुजीला पावसानं आणि धुक्यानं सगळं झाकून टाकलं होतं. शर्यत घ्यावी की नाही, याचीच बराच वेळ चर्चा चालली. शेवटी उशिरा ती सुरू झाली. पुढच्या गाडीच्या चाकांतून उडणाऱ्या पाण्यामुळे मागच्या ड्रायव्हरला समोरचं काहीच दिसत नव्हतं. त्यात भाजल्यामुळे निकीला पापण्याही नीट मिटता येत नव्हत्या.

दोन फेऱ्यांनंतर निकीनं गाडी थांबवली. आंधळेपणानं गाडी हाकण्यात त्याला शहाणपणा दिसत नव्हता.

आता यापुढचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. फेरारीचे अभियंते मौरो फोर्गिएरी त्याच्याजवळ आले. त्यांनी सुचवलं, की आपण जगाला सांगू या, इंजिनात बिघाड झाला. कोणाला काही कळणार नाही, तुझ्यावर ठपका येणार नाही. किती सोपी वाट होती! निकी मात्र नाही म्हणाला. मी थांबलो ते माझ्या निर्णयानं, असंच सांगा, असं त्याचं म्हणणं.

त्या दिवशी आणखीही काही ड्रायव्हर पावसामुळे शर्यत सोडून बाहेर आले. त्यांत दोनदा जगज्जेता झालेला एमर्सन फिटिपाल्डीही होता. हंट मात्र धावत राहिला. शेवटी शेवटी त्याचं टायर गेलं, तो मागे पडला, पुन्हा पुढे घुसला आणि तिसरा आला. गाडीतून उतरला तेव्हा आपण हरलो असंच त्याला वाटत होतं आणि तो आपल्या संघावर चिडला होता! मग कोणीतरी त्याला आकडेमोड समजावली. तिसऱ्या क्रमांकाचे गुण किती? ४. म्हणजे ६५ आणि ४ मिळून ६९. निकी ६८ वरच राहिला. जेम्स हंट जगज्जेता झाला.

हंटचं कौतुक करायलाच हवं. त्यानं ते मैदानात मिळवलं होतं. निकीवर मात खूप टीका झाली. लोक म्हणाले, अपघातानंतर याची हिंमत खचली. फेरारीच्या संघातही त्याच्याकडे संशयानं पाहू लागले. पण त्या निर्णयाचा पश्चात्ताप आपल्याला कधी झाला नाही, असं निकी पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

अर्धा गुण!

‘खचलेल्या’ निकीनं पुढे काय केलं असेल? पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, तो पुन्हा जगज्जेता झाला! मोसमाच्या दोन शर्यती बाकी असतानाच विजेतेपद पक्कं झालं आणि लगेच त्यानं फेरारीला रामराम ठोकला.

१९७९ मध्ये त्यानं शर्यती सोडल्या, १९८२ मध्ये मॅक्लारेन संघातून तो परत आला. १९८४ साली त्याच संघात त्याचा जोडीदार म्हणून आला फ्रान्सचा अ‍ॅलन प्रॉस्ट. वयानं सहा वर्षांनी लहान आणि वेगानं सरस. शर्यतीआधी वेगवान फेऱ्या मारून सुरुवातीची जागा ठरवतात, त्यात तर प्रॉस्ट जवळजवळ प्रत्येक वेळी पुढे.

दुसरा कोणी असता तर एकतर जिद्दीला पेटून गाडी फोडून बसला असता, नाहीतर ‘आता आपलं काही खरं नाही’ म्हणून हातपाय गाळले असते. निकीनं वही उघडली, असं म्हणा ना! एका फेरीत प्रॉस्ट माझ्यापेक्षा वेगवान आहे, हे त्यानं मान्य केलं. पण शर्यत एका फेरीची नसते. मग त्यानं सगळं लक्ष शर्यतीच्या तयारीवर दिलं. गाडी शेवटपर्यंत कशी टिकेल, टायर कसे जपायचे, कुठे धीर धरायचा.

त्या वर्षी प्रॉस्टनं सात शर्यती जिंकल्या, निकीनं पाच. शेवटची शर्यत पोर्तुगालमध्ये होती. प्रॉस्ट जिंकला तर निकीला दुसरा क्रमांक मिळवणं भागच होतं. आणि निकीची सुरुवातीची जागा होती अकरावी! एकेकाला मागे टाकत तो पुढे आला आणि दुसरा झाला. शेवटचा गुणतक्ता असा: लाउडा ७२, प्रॉस्ट ७१.५. फक्त अर्ध्या गुणानं निकी तिसऱ्यांदा जगज्जेता झाला!

हा अर्धा गुण आला कुठून, माहीत आहे? त्याच वर्षी मोनॅको इथली शर्यत पावसामुळे मध्येच थांबवावी लागली होती. ती प्रॉस्टनं जिंकली, पण अर्धवट शर्यत म्हणून सगळ्यांना निम्मेच गुण मिळाले. पावसानं १९७६ मध्ये नेलेलं १९८४ मध्ये परत केलं, असं गमतीनं म्हणायला हरकत नाही. पुढच्या वर्षी प्रॉस्टही जगज्जेता झाला.

२० मे २०१९ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी निकी लाउडाचं निधन झालं. भाजल्याच्या खुणा लपवण्यासाठी तो नेहमी लाल टोपी घालत असे. ती टोपी शेवटपर्यंत त्याची ओळख होऊन राहिली.

तुमचा हिशेब

आता आपल्या वर्गात येऊ. परीक्षेच्या आदल्या दिवशी मला दोन प्रकारची मुलं दिसतात. काही म्हणतात, ‘बाई, मला सगळं येतं!’ काही म्हणतात, ‘बाई, मला काहीच येत नाही!’ दोन्ही उत्तरं ऐकून मला सारखीच काळजी वाटते. कारण दोघांनीही मोजलेलं नसतं. एखादीच मुलगी म्हणते, ‘बाई, अपूर्णांकांची बेरीज पक्की आहे, भागाकारात गडबडते, शाब्दिक उदाहरणं अर्धी जमतात.’ या मुलीला मी निर्धास्तपणे परीक्षेला पाठवते. तिला कदाचित शंभरपैकी सत्तरच मिळतील. पण पुढच्या वेळी ऐंशी कसे मिळवायचे, हे तिला आत्ताच ठाऊक आहे.

तुम्ही एक गंमत करून पाहा. एक छोटी वही करा, तिला नाव द्या ‘अंदाजाची वही’. प्रत्येक चाचणीच्या आधी तिच्यात तीन गोष्टी लिहा. मला काय पक्कं येतं? कुठे अडतं? आणि मला किती गुण मिळतील? पेपर तपासून आला की खरे गुण शेजारी लिहा आणि फरक काढा. पहिल्या वेळी फरक बराच येईल. येऊ दे. चार-सहा चाचण्यांनंतर तो कमी कमी होत गेला, तर समजा तुमचा आत्मविश्वास वाढतो आहे. मग गुण कमी असोत की जास्त. धावण्याच्या शर्यतीला, चित्रकलेला, भाषणालाही हे चालतं.

आणि एक अगदी महत्त्वाचं. वेगाची ही गोष्ट वाचून रस्त्यावर सायकल किंवा मोठ्या भावाची गाडी दामटायला जाऊ नका! शर्यतीच्या मार्गावर समोरून कोणी येत नाही, कडेला डॉक्टर उभे असतात, ड्रायव्हरच्या डोक्यावर हेल्मेट आणि अंगात आग न लागणारे कपडे असतात. तरीसुद्धा निकी पावसात थांबला. आपल्या रस्त्यावर तर शाळेत जाणारी मुलं असतात, आजी-आजोबा असतात, गाई-म्हशीही असतात.

आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठीही. मूल स्पर्धेतून घरी आलं, की आपला पहिला प्रश्न असतो, ‘कितवा नंबर आला?’ दुसरा प्रश्न, ‘शेजारच्याचा कितवा?’ एकदा वेगळा प्रश्न विचारून पाहा, ‘तुला वाटलं होतं तसं झालं का?’ मूल काय उत्तर देतं ते शांतपणे ऐका. आणि कधी ते म्हणालं, ‘मला या स्पर्धेत उतरायचं नाही,’ तर त्याला लगेच भित्रं म्हणू नका. आधी कारण विचारा. नुसता कंटाळा असेल, तर समजावा. पण त्यानं खरंच विचार करून ठरवलं असेल, तर ‘ताप आला म्हणून सांगू’ असं खोटं कारण त्याच्या हातात देऊ नका. स्वतःचा निर्णय स्वतःच्या नावानं सांगायला त्याला शिकू द्या. फुजीला निकीनं तेच केलं होतं.

तर मुलांनो, कोडं अजून तुमच्याकडेच आहे. पावसात धावत राहिलेला हंट शूर, की थांबून ‘मी माझ्या निर्णयानं थांबलो’ म्हणणारा निकी शूर? की दोघंही? आज रात्री जेवताना घरात सगळ्यांना विचारा. एकमत होणार नाही, हे मात्र मी आत्ताच माझ्या अंदाजाच्या वहीत लिहून ठेवते!